लिलियन वॉल्ड

लिलियन वॉल्ड (जन्म : सिनसिनाटी, ओहायो, १० मार्च १८६७, मृत्यू : वेस्टपोर्ट, कनेटिकट, १ सप्टेंबर १९४०) या अमेरिकेतील परिचारिका, समाजसेविका व लेखिका होत्या. न्यूयॉर्क शहरातील हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या संस्थेच्या त्या संस्थापक होत. रुग्णाच्या घरी जाऊन शुश्रूषा करणे आणि त्याच वेळी त्याच्या आजाराची सामाजिक कारणे शोधून ती दूर करण्यासाठी झटणे, अशा दुहेरी जबाबदारीच्या कामाला त्यांनी 'सार्वजनिक आरोग्य परिचर्या' हे नाव दिले व तिला स्वतंत्र व्यवसायाचे रूप दिले. पूर्व व दक्षिण युरोपातून आलेल्या गरीब स्थलांतरित स्त्रियांच्या वस्तीत त्यांनी सुमारे ४० वर्षे काढली. या स्त्रियांचे अनुभव त्यांनी आरोग्यविषयक माहितीचा विश्वसनीय स्रोत मानले. शाळेतील परिचारिका, बालकल्याणासाठीचे केंद्रीय खाते आणि शिवणकारखान्यांची आरोग्य-तपासणी या गोष्टींच्या उभारणीत त्यांचा महत्त्वाचा वाटा आहे.

बालपण व शिक्षण

वॉल्ड यांचे घराणे जर्मन-ज्यू वंशाचे होते. वडील मॅक्स वॉल्ड यांचा चष्मे व भिंगांचा व्यापार होता. आईचे नाव मिनी. चार भावंडांत लिलियन तिसऱ्या. त्यांच्या लहानपणीच कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे स्थायिक झाले. घरी सुबत्ता होती, पुस्तके व संगीत होते. मुलींच्या खासगी शाळेत शिक्षण झाल्यावर सोळाव्या वर्षी त्यांनी व्हासर महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्ज केला, परंतु वय कमी असल्याने तो नाकारला गेला.

पुढची काही वर्षे सुखवस्तू घरातील मुलीप्रमाणे गेली. थोरल्या बहिणीच्या बाळंतपणाच्या वेळी घरी आलेल्या प्रशिक्षित परिचारिकेचे काम त्यांनी जवळून पाहिले आणि हाच मार्ग आपणही धरावा असे त्यांच्या मनाने घेतले. १८८९ मध्ये न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या परिचर्या विद्यालयात प्रवेश घेऊन १८९१ मध्ये त्या पदवीधर झाल्या. त्यानंतर सुमारे वर्षभर त्यांनी अनाथ व निराश्रित मुलांच्या एका संस्थेत काम केले. मुलांना तेथे मिळणाऱ्या यांत्रिक वागणुकीने त्या व्यथित झाल्या. डॉक्टर झाल्यास अधिक काही करता येईल, या विचाराने त्यांनी स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले.

लडलो स्ट्रीटवरील सकाळ

त्या काळी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात स्थलांतरितांची अतिशय दाट वस्ती होती. १८८१ नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले होऊ लागले आणि तेथून निघालेली हजारो कुटुंबे या भागात येऊन राहिली. इटलीतून आलेल्यांचीही त्यांत भर पडत होती. पाच-सहा मजली चाळवजा इमारतींतील दोन-तीन खोल्यांत सात-आठ माणसांचे कुटुंब राही, आणि भाडे भागवण्यासाठी त्यातच बाहेरचे भाडेकरू ठेवले जात. त्याच खोल्यांत दिवसभर शिवणकामही चाले.

या वस्तीतील स्त्रियांना घरगुती शुश्रूषा शिकवण्यासाठी बेटी लोब या धनिक महिलेच्या साहाय्याने एक वर्ग सुरू झाला होता. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असतानाच वॉल्ड हा वर्ग घेत. मार्च १८९३ मधील एका पावसाळी सकाळी त्या बायकांना आजाऱ्याचे अंथरूण कसे घालावे हे दाखवत होत्या. तेवढ्यात एक लहान मुलगी रडत वर्गात आली आणि आपली आई आजारी असल्याचे तिने सांगितले. वॉल्ड तिच्यामागोमाग निघाल्या. चिखल व केरकचऱ्याने भरलेल्या रस्त्यांवरून, दुर्गंधी सुटलेल्या जिन्यावरून त्या लडलो स्ट्रीटवरील एका इमारतीच्या मागच्या भागात पोहोचल्या. सात माणसांचे कुटुंब दोन खोल्यांत राहत होते व तेथेच भाडेकरूही होते. वडील अपंग होते. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून किडूकमिडूक विकण्यावर त्यांची गुजराण होती. बाळंतीण आई अस्वच्छ अंथरुणावर पडलेली होती आणि दोन दिवसांपूर्वी झालेल्या रक्तस्रावाने माखलेले ते अंथरूण तसेच होते.

वॉल्ड यांनी बाळंतिणीला स्वच्छ केले, अंथरूण बदलले, खोली आवरली. हे कुटुंब दुर्गुणी नव्हते, आळशीही नव्हते, ही गोष्ट त्यांच्या मनावर विशेष ठसली. आपण वर्गात अंथरूण घालण्याचे धडे देत आहोत आणि ज्यांना त्या धड्यांची गरज आहे त्यांच्या घरी पालटायला दुसरी चादर नाही, हे त्यांनी त्या दिवशी पाहिले. वैद्यकीय शिक्षण त्यांनी सोडून दिले. लोकांना ही परिस्थिती ठाऊक नाही म्हणूनच ती टिकून आहे, ठाऊक झाली तर ती टिकणार नाही, असा त्यांचा त्या वेळी भाबडा म्हणावा असा विश्वास होता. पुढे हा भाबडेपणा ओसरला. परिस्थिती डोळ्यांनी पाहून ती पुराव्यानिशी जगापुढे मांडण्याची सवय मात्र कायम राहिली.

हेन्री स्ट्रीट सेटलमेंट

परिचर्या विद्यालयातील मैत्रीण मेरी ब्रूस्टर यांच्यासह वॉल्ड यांनी त्याच वस्तीत राहायला जाण्याचे ठरवले. आरंभी दोन महिने त्या रिव्हिंग्टन स्ट्रीटवरील कॉलेज सेटलमेंटमध्ये राहिल्या. १८९३ च्या सप्टेंबरात त्यांनी जेफरसन स्ट्रीटवरील एका चाळवजा इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर बिऱ्हाड केले. सुशिक्षित तरुण-तरुणींनी गरीब वस्तीत शेजारी म्हणून राहून काम करायचे, अशा केंद्रांना त्या काळी 'सेटलमेंट' म्हणत. खर्चाचा भार बेटी लोब आणि त्यांचे जावई, प्रसिद्ध बँकर जेकब शिफ यांनी उचलला. १८९५ मध्ये शिफ यांनी २६५, हेन्री स्ट्रीट येथील घर मिळवून दिले आणि तेच संस्थेचे कायमचे ठिकाण झाले. प्रकृती साथ देईना म्हणून ब्रूस्टर यांना लवकरच काम सोडावे लागले. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले.

घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका न्यूयॉर्कमध्ये यापूर्वीही होत्या. त्या बहुधा धर्मसंस्थांच्या किंवा दवाखान्यांच्या वतीने येत. वॉल्ड यांनी तीन गोष्टी निराळ्या केल्या. पहिली, परिचारिकेला बोलावण्यासाठी डॉक्टरच्या चिठ्ठीची किंवा धर्मादाय संस्थेच्या शिफारशीची गरज ठेवली नाही. आजाऱ्याच्या घरचे कोणीही, शेजारीणसुद्धा, थेट निरोप देऊ शके. दुसरी, सेवेत धर्माचा प्रचार येऊ दिला नाही. तिसरी, ज्यांना शक्य असेल त्यांच्याकडून ऐपतीप्रमाणे अल्प शुल्क घेतले. आपण भिक्षा घेत नाही, सेवा विकत घेतो, ही भावना त्यामुळे रुग्णाच्या मनात राही. शेजारणी दारावर येऊन हक्काने निरोप देऊ लागल्या, त्यावरून या पद्धतीने संपादन केलेला विश्वास दिसून येतो.

काम वेगाने वाढले. १९१३ च्या सुमारास संस्थेत ९२ परिचारिका होत्या आणि वर्षाकाठी घरभेटींची संख्या सुमारे २ लाखांवर गेली होती. १९०६ मध्ये एलिझाबेथ टायलर या कृष्णवर्णीय परिचारिकेची नेमणूक झाली व मॅनहॅटनच्या पश्चिम भागातील कृष्णवर्णीय वस्तीत शाखा निघाली. १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या राष्ट्रीय परिषदेच्या प्रतिनिधींचे स्वागत हेन्री स्ट्रीटवरील घरात झाले. याच परिषदेतून पुढे एन.ए.ए.सी.पी. ही संघटना उभी राहिली.

नोंदी व अभ्यास

आरंभापासूनच वॉल्ड व ब्रूस्टर या शिफ यांना नियमित अहवाल पाठवत. कोणत्या घरी कोणता आजार, घरात माणसे किती, कमावते किती, काम सुटून किती दिवस झाले, भाडे किती थकले, अशी माहिती त्यांत असे. १८९३ च्या आर्थिक मंदीत बेकारी व उपासमार आजारपणात कशी उतरते, हे या नोंदींतून दिसत गेले. रोगाची नोंद आणि मिळकतीची नोंद एकाच कागदावर आली, यात या पद्धतीचे वेगळेपण होते. ही माहिती घरातील स्त्रीकडूनच मिळे. परक्या चौकशी अधिकाऱ्यापुढे गप्प राहणारी स्त्री, तापात रात्रभर मुलाजवळ बसलेल्या परिचारिकेशी मात्र मोकळेपणाने बोले.

संस्थेने मांडलेला न्यूमोनियाचा हिशेब या संदर्भात उल्लेखनीय आहे. १९१४ मध्ये परिचारिकांनी न्यूमोनियाच्या ३,५३५ रुग्णांची घरीच शुश्रूषा केली. त्यांतील मृत्यूचे प्रमाण ८.०५ टक्के होते. त्याच काळात चार मोठ्या रुग्णालयांतील १,६१२ रुग्णांत ते ३१.२ टक्के होते. दोन वर्षांखालील मुलांत रुग्णालयांचे सरासरी प्रमाण ३८ टक्के, तर घरी शुश्रूषा झालेल्या मुलांत ९.३ टक्के होते. अधिक अत्यवस्थ रुग्ण रुग्णालयात जातात, हे लक्षात घेता ही तुलना सर्वस्वी समतोल म्हणता येत नाही. तरीही, गरिबाचे घर आजाऱ्याला राहण्यास नालायक असते आणि गरीब आईला मूल सांभाळता येत नाही, या तत्कालीन समजुतीला या आकड्यांनी चांगलाच धक्का दिला. परिचारिकेची मदत मिळाली तर स्थलांतरित आई आपल्या मुलाला आपल्याच घरात वाचवू शकते, हा त्यांचा अर्थ होता.

शाळेतील परिचारिका

न्यूयॉर्कच्या शाळांत १८९७ पासून डॉक्टर मुलांची तपासणी करत. खुपऱ्या, खरूज, उवा किंवा त्वचारोग आढळला की मुलाला घरी पाठवले जाई. उपचार मात्र कोणीच करत नसे. चिठ्ठी इंग्रजीत असे आणि आईला ती वाचता येत नसे. घरी पाठवलेली मुले संध्याकाळी रस्त्यावर त्याच वर्गमित्रांबरोबर खेळत, म्हणजे संसर्गही थांबत नसे. डोक्यावरील इसबामुळे शाळेत कधीच जाऊ न शकलेला बारा वर्षांचा एक मुलगा वॉल्ड यांना भेटला. औषध कसे लावायचे हे त्यांनी त्याच्या आईला शिकवले आणि पुढच्या शालेय वर्षात तो मुलगा शाळेत बसला. अशा मुलांची नावे व आजार त्या टिपून ठेवत गेल्या.

१९०२ मध्ये शहराच्या आरोग्य विभागापुढे हा प्रश्न आला, तेव्हा या नोंदी हाताशी होत्या. वॉल्ड यांनी लीना रॉजर्स या आपल्या परिचारिकेला महिनाभर प्रयोगादाखल देऊ केले. रॉजर्स यांनी चार शाळांतील मुलांवर तेथेच उपचार केले आणि संध्याकाळी घरोघर जाऊन आयांना समजावून सांगितले. प्रयोग यशस्वी झाला व शहराने परिचारिकांची नेमणूक केली. सप्टेंबर १९०२ मध्ये दहा हजारांहून अधिक मुलांना घरी पाठवावे लागले होते. वर्षभराने त्याच महिन्यात ती संख्या सुमारे अकराशेवर आली. सरकारी शाळांत परिचारिका नेमण्याची प्रथा पुढे अमेरिकेत सर्वत्र पसरली.

कामगार स्त्रिया

लोअर ईस्ट साइडमधील तरुण मुली मोठ्या संख्येने शिवणकारखान्यांत काम करत. कोंदट जागा, अंधूक उजेड, दिवसाचे दहा-बारा तास आणि हंगाम संपला की बेकारी, असे त्यांचे जीवन होते. वस्तीत येऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा एक शेजारीण मुलगी वॉल्ड यांच्याकडे आली आणि मुलींची कामगार संघटना काढण्यासाठी तिने मदत मागितली. वॉल्ड यांना कामगार संघटनेविषयी काहीच माहिती नव्हती. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन त्यांनी या विषयावरची पुस्तके काढली. शेजारणीने मागणी करावी आणि परिचारिकेने तिच्यासाठी अभ्यास करावा, हा क्रम त्यांच्या पुढील कार्यातही वारंवार दिसतो.

१९०३ मध्ये स्थापन झालेल्या विमेन्स ट्रेड युनियन लीगच्या आरंभीच्या कार्यकारिणीत वॉल्ड होत्या. १९०९ च्या हिवाळ्यात शर्टवेस्ट शिवणाऱ्या सुमारे २० हजार कामगारांनी संप केला. त्यांत बहुतेक ज्यू व इटालियन तरुणी होत्या. या संपाला वॉल्ड यांनी पाठिंबा दिला. १९१० मध्ये कोट शिवणाऱ्या कामगारांचा मोठा संप मिटला, तेव्हा झालेल्या करारानुसार मालक, कामगार व जनता या तिन्ही बाजूंच्या प्रतिनिधींचे आरोग्य नियंत्रण मंडळ नेमण्यात आले. वॉल्ड त्यात जनतेच्या प्रतिनिधी होत्या. डॉ. जॉर्ज प्राइस यांच्या देखरेखीखाली मंडळाने कारखान्यांची प्रत्यक्ष पाहणी केली. हवा, उजेड, संडास यांबरोबरच आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या वाटांचीही तपासणी झाली आणि त्यांतील गंभीर उणिवा उघड झाल्या. त्याच सुमारास, २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल कारखान्याला आग लागली व १४६ कामगार मृत्युमुखी पडले. मृतांत स्थलांतरित तरुणींची संख्या मोठी होती. पाहणीने दाखवलेला धोका किती खरा होता, हे अशा भयंकर रीतीने सर्वांना कळले. याच मंडळाच्या कार्यातून पुढे शिवणकामगारांच्या संघटनेचे स्वतःचे आरोग्य केंद्र उभे राहिले.

१९०८ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर ह्यूज यांनी स्थलांतरितांच्या स्थितीच्या चौकशीसाठी आयोग नेमला. वॉल्ड व फ्रान्सिस केलर त्याच्या सदस्य होत्या. कालवे व धरणे बांधणाऱ्या मजुरांच्या छावण्यांची पाहणी त्यात झाली. अहवालानंतर १९१० मध्ये राज्यात स्थलांतरितांसाठी स्वतंत्र खाते स्थापन झाले.

राष्ट्रीय कार्य

सरकार शेतीच्या पिकांवरील किडींची चौकशी करते, पण देशात मुले किती जन्मतात व किती मरतात याचा हिशेब ठेवत नाही, या विसंगतीकडे वॉल्ड यांनी लक्ष वेधले. फ्लॉरेन्स केली यांच्याशी चर्चा करून १९०३ च्या सुमारास त्यांनी बालकांसाठी केंद्रीय खात्याची कल्पना मांडली. नऊ वर्षांच्या प्रयत्नांनंतर १९१२ मध्ये चिल्ड्रेन्स ब्यूरो स्थापन झाला व ज्युलिया लॅथ्रॉप त्याच्या पहिल्या प्रमुख झाल्या. या खात्याने पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउन या पोलाद-कारखान्यांच्या गावी घरोघर जाऊन आयांच्या मुलाखती घेतल्या. वडिलांची मिळकत जितकी कमी तितके बालमृत्यू अधिक, असे त्यात आढळले. हेन्री स्ट्रीटवरील परिचारिकांच्या नोंदी जे सुचवत होत्या, तेच आता सरकारी अहवालात आले.

१९०९ मध्ये वॉल्ड यांच्या सूचनेवरून मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने आपल्या कामगार विमेदारांसाठी परिचारिकांची सेवा सुरू केली. ती देशभर पसरली व चार दशकांहून अधिक काळ चालली. १९१० मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये ॲडिलेड नटिंग यांच्यासह त्यांनी या विषयाच्या उच्च शिक्षणाची सोय करवून घेतली. १९१२ मध्ये सार्वजनिक आरोग्य परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली व वॉल्ड तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत शहरातील सर्व परिचर्या संस्थांना एकत्र आणणाऱ्या आपत्कालीन मंडळाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते.

युद्धविरोध व उत्तरायुष्य

२९ ऑगस्ट १९१४ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरून स्त्रियांनी युद्धाविरुद्ध मूक मोर्चा काढला. वॉल्ड त्याच्या अग्रभागी होत्या. सैन्यवादविरोधी संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी स्वीकारले. अमेरिका युद्धात उतरल्यावर या भूमिकेची मोठी किंमत मोजावी लागली. अनेक देणगीदारांनी संस्थेला पाठ दाखवली, वृत्तपत्रांतून व सरकारी चौकशीत त्यांच्या देशनिष्ठेविषयी शंका घेण्यात आली. घरभेटींचा खर्च याच देणग्यांतून भागत असल्याने त्यांच्या मतस्वातंत्र्याची झळ रुग्णांना लागण्याचा धोका होता. तरी त्यांनी आपली मते मागे घेतली नाहीत आणि सेवाही बंद पडू दिली नाही.

१९२४ च्या कायद्याने पूर्व व दक्षिण युरोपातून होणारे स्थलांतर जवळजवळ थांबले आणि वस्तीचे रूप बदलू लागले. प्रकृती ढासळल्याने १९३३ मध्ये वॉल्ड यांनी संस्थेची सूत्रे हेलन हॉल यांच्याकडे सोपवली व त्या वेस्टपोर्ट येथे राहू लागल्या. तेथेच १ सप्टेंबर १९४० रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

वॉल्ड यांच्या कार्याला मर्यादाही होत्या. संस्थेची सूत्रे शेवटपर्यंत सुशिक्षित परिचारिका व धनिक देणगीदार यांच्याच हाती राहिली. ज्या स्त्रियांच्या अनुभवावर अहवाल उभे राहिले, त्यांची नावे अहवालांत क्वचितच आली. विमा कंपनीबरोबरच्या सहकार्यामुळे सेवेचा विस्तार झाला, पण कोणत्या रुग्णाला किती भेटी द्यायच्या याचा हिशेब व्यापारी दृष्टीने होऊ लागला.

असे असले तरी त्यांनी मांडलेला मूळ विचार टिकून राहिला. रोग एकट्या शरीरात नसतो. खोलीचे भाडे, कामाचे तास, जिन्यातील अंधार आणि न वाचता येणारी चिठ्ठी यांतही तो असतो. त्याची खबर सर्वांत आधी घरातील स्त्रीला असते, म्हणून तिला विचारल्याशिवाय आरोग्याचा अभ्यास पूर्ण होत नाही, हे वॉल्ड यांनी कृतीने दाखवून दिले.

ग्रंथ व स्मृती

वॉल्ड यांनी 'द हाउस ऑन हेन्री स्ट्रीट' (१९१५) व 'विंडोज ऑन हेन्री स्ट्रीट' (१९३४) ही आत्मकथनपर पुस्तके लिहिली. १९४४ मध्ये घरभेटींची परिचर्या सेवा सेटलमेंटपासून वेगळी होऊन स्वतंत्र संस्था झाली. न्यूयॉर्कमधील एका सार्वजनिक गृहवसाहतीला त्यांचे नाव देण्यात आले आहे. हेन्री स्ट्रीटवरील मूळ इमारती राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जतन केल्या असून तेथील सेटलमेंटचे काम आजही चालू आहे.